टकटक करणारी डबी

दोस्तांनो, तुमच्यापैकी बरेच जण हरिहरेश्वरला जाऊन आले असतील. देवळामागच्या पायऱ्या उतरायच्या आणि समुद्राकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालायची. पण भरती असेल तर मात्र नाही! खडक तेच, वाटही तीच, तरी गावातला माणूस सांगतो, "थांबा, पाणी उतरू द्या." हा 'थांबा' जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिथे माझी मावशी राहते. घरामागे नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. काही तासांत मावशीची बहुतेक वाडी आडवी झाली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, त्यामुळे नवी रोपं लावली तरी जुनी वाडी डोळ्यांपुढे आणायला उरले ते फक्त फोटो. ते फोटो आणि मावशीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज, सगळं एका हार्ड डिस्कवर होतं. बाहेरून वायरीने जोडतात ना, ती डबी. एकच डबी!

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मावशीचा नववीतला नातू अंधारात बॅटरी शोधायला उठला, पायात वायर अडकली आणि लॅपटॉपला लावलेली डिस्क चालू असतानाच फरशीवर आपटली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, डिस्क दिसतच नाहीये. आतून टकटक वाजतंय नुसतं."

"किती वेळा लावून बघितलीस?"

"सहा-सात वेळा. आता बाबांचे एक मित्र म्हणतायत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव."

मी ओरडलोच, "अरे थांब! आधी ती वायर काढ!"

आता तुम्ही म्हणाल, एवढं ओरडायला काय झालं? तर त्या डबीच्या आत डोकावू या. (मनातल्या मनात हं, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा!) आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय मुलामा असतो. तुमचे फोटो, गाणी, शाळेचा प्रकल्प, सगळं त्या मुलाम्यात लिहिलेलं असतं. अशा छोट्या डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे तिची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाने पळते, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीइतकी. आणि तिच्यावर वाचणारं-लिहिणारं 'हेड' तरंगत असतं. किती उंचीवर? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे दहा हजार पापुद्रे काढा. त्यातल्या एका पापुद्र्याएवढं अंतर! धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगरच म्हणायचा.

चालू डिस्क आपटली की हेड तबकडीवर आदळतं, वाकतं, कधी मोडतं. आपण कुठे आहोत हे हेडला कळावं म्हणून तबकडीवर कारखान्यातच खुणा लिहिलेल्या असतात. जायबंदी हेडला त्या खुणा वाचता येत नाहीत. ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे जातं. तीच ती टकटक. अशा वेळी एकदा जरी ते तबकडीला घासलं तरी मुलामा खरवडला जातो, आणि जो खरवडला त्यातला फोटो कोणालाही परत आणता येत नाही. आपल्याला वाटतं, 'अजून एकदा लावून बघू या, काय बिघडतंय?' नेमकं तिथेच बिघडतं.

आणि फ्रीजर? गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात ना? फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर कोकणातल्या पावसाळी हवेत तेच होणार.

आवाज नसेल, आपटलेली नसेल, नुसतीच दिसत नसेल, तर एकदा वायर बदलून आणि दुसऱ्या संगणकाला लावून बघायला हरकत नाही. पुष्कळदा दोष वायरीतच निघतो. टकटक ऐकू आली की मात्र हात मागे.

आमची डिस्क स्पंजमध्ये गुंडाळून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेली. अशा ठिकाणी गाळलेल्या, धूळ नसलेल्या हवेत डिस्क उघडतात. अगदी त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवतात. मग एकेक फोटो उघडत बसत नाहीत, तर अख्ख्या तबकडीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. तुम्ही परीक्षेत करता तसंच: सोपे प्रश्न आधी, अडले ते सोडून पुढे, आणि वेळ उरला तर परत त्यांच्याकडे. नवं हेडही किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो ना! हे काम महाग असतं, हजारो रुपये लागतात. उतरवलेल्या सिनेमांसाठी मी तरी एक पैसा देणार नाही.

या कामाचं जगातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं आणि आपल्या कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता. त्याची हार्ड डिस्क काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात सापडली, जळालेली, आत धूळ गेलेली. तज्ज्ञांनी तबकड्या धुऊन दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली! डिस्क अर्धीच भरलेली होती आणि इजा झाली होती ती रिकाम्या भागाला. त्या माहितीवरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमचं नशीब तेवढं थोर नव्हतं. फोटो जवळजवळ सगळे आले. मावशीने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "ही विहिरीकडची पोफळ, ही तुझ्या आजोबांनी लावलेली." नातवाने त्यावरून वाडीचा नकाशा काढायला घेतलाय. ओव्यांची मात्र अकरापैकी आठच रेकॉर्डिंग्ज अख्खी मिळाली. दोन गेलीच. एक मध्येच तुटतं.

ते तुटलेलं मावशीला ऐकवलं. जिथे आवाज थांबला तिथून तिने पुढे म्हणायला सुरुवात केली. नातवाने घाईघाईने फोन पुढे धरला. त्याचं म्हणणं, आधी शेवट असा नव्हताच. मावशी म्हणते, असाच होता. वाद अजून चालू आहे.