चामखीळ गेली, श्रेय कोणाला?

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे, डॉक्टर नाही. तरीही आज तळपायाच्या एका क्षुल्लक दुखण्याविषयी लिहीत आहे, कारण त्यात विज्ञानाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

नववीत असताना माझ्या उजव्या टाचेखाली एक टणक गाठ आली. चालताना चपलेत खडा असावा तसे दुखे. घरात तिला 'कुरूप' म्हणाले. आजीने बिब्बा तापवून त्याचे तेल टाचेला लावले. बिब्बा उतला, पाय सुजला, फोड आले आणि पंधरा दिवस शाळा बुडाली. (परीट ज्याने कपड्यांवर न पुसणारी खूण करतो, त्या तेलाने कातडी शाबूत राहील कशी?) गाठ होती तिथेच. मग रुईचा चीक झाला. शेवटी श्रावणात कोणीतरी अंगारा दिला, तो लावला आणि दिवाळीपर्यंत गाठ नाहीशी झाली. आमच्या घरात त्याचे श्रेय आजही अंगाऱ्याला आहे.

ती गाठ कुरूप नव्हतीच, तळपायाची चामखीळ होती. कुरूप म्हणजे सततच्या दाबाने वा घर्षणाने जाड झालेली कातडी. चामखीळ होते विषाणूमुळे. इटलीतील चुफो या वैद्याने १९०७ साली चामखिळीचा अर्क जीवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि तो स्वतःच्याच हाताला टोचला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली! फरक ओळखायची सोपी खूण अशी : तळपायावरच्या बारीक रेषा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी मात्र तुटतात. शिवाय चामखिळीत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना 'मुळ्या' म्हणतात आणि ब्लेडने उकरू लागतात. त्या मुळ्या नव्हेत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्या आहेत. चामखीळ त्वचेच्या बाहेरच्या थरातच वाढते, तिला मूळ नसतेच.

हातावरची चामखीळ उंचावते, पायाची आत दबते. पन्नास किलोचा मुलगा एका पायावर उभा राहिला आणि पायाचे १०० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी अर्ध्या किलोचा भार येतो. जिथे टणक उंचवटा असेल तिथे त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच खडा टोचल्याचा भास होतो.

आता श्रेयाचा प्रश्न. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संस्थेत राहणाऱ्या सुमारे हजार मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवले गेले. काहीही उपाय न करता दोन तृतीयांश चामखिळी नाहीशा झाल्या. शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते, पण बहुधा होते. म्हणजे जो माणूस एकामागून एक उपाय करत राहतो, त्याचा कोणता तरी उपाय शेवटचा ठरणारच, आणि श्रेय त्यालाच मिळणार. स्टँडवर दोन तास ताटकळलेल्या माणसाने पान तोंडात टाकले आणि तेवढ्यात एस.टी. आली, म्हणून 'पान खाल्ले की गाडी येते' असे म्हणावे, तसलाच हा प्रकार.

पण हसण्याआधी माझी फजिती ऐका. डॉक्टर चामखिळीवर द्रव नायट्रोजन लावतात. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सियस! एवढी थंडी म्हटल्यावर माझ्यासारख्याला वाटणारच, की हाच खरा उपाय, बाकी सगळी मलमपट्टी. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तळपायाला चामखीळ असलेल्या २४० जणांपैकी निम्म्यांना नायट्रोजन, निम्म्यांना घरी रोज लावायचे ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल. कोणाला काय, हे नशिबावर सोडलेले. बारा आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले किती? दोन्हीकडे शेकडा १४! माझे उणे १९६ अंश आणि दुकानातले साधे औषध एकाच पंगतीत बसले. थंडीचा आकडा मोठा म्हणून उपाय मोठा, हा माझा तर्क आजीच्या बिब्ब्याच्याच जातीचा होता. जितका चटका जास्त तितका गुण जास्त!

हे आम्ल मेलेल्या कातडीच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करते. पाय कोमट पाण्यात भिजवावा, वजरीने वरची पांढरी कातडी हलकेच घासावी, औषध फक्त गाठीवर लावावे. आणि हे रोज, दोन-तीन महिने. ती वजरी दुसऱ्या कोणी वापरू नये. आधी डॉक्टरांना एकदा पाय दाखवावा. कंटाळवाणे आहे खरे, पण कंटाळा आला म्हणून ब्लेड हाती घेऊ नये.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? आमच्या गल्लीतील एका गृहस्थांना मधुमेह होता. पायाची संवेदना कमी झालेली. 'कुरूप' म्हणून त्यांनी घरीच ब्लेड चालवले. दुखले नाही, याचाच त्यांना आनंद झाला. जखम चिघळली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. मधुमेह असलेल्याने किंवा पाय बधिर असलेल्याने ब्लेड तर नाहीच, सॅलिसिलिक आम्लाची पट्टीसुद्धा स्वतःच्या मनाने लावता कामा नये. आणि पायाचा एखादा भाग बधिर वाटत असेल, तर ते कुष्ठरोगाचेही लक्षण असू शकते. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, पण वेळेवर दाखवले तर. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्वचेचे डॉक्टर शोधत पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातील हजारो आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि मागे राहिलेली कितीतरी मुले हंगामी वसतिगृहांत राहतात. सामाईक न्हाणीघराची ओली फरशी आणि भेगाळलेले अनवाणी पाय ही या विषाणूला आयती मिळालेली सोय आहे. न्हाणीत घालायला प्रत्येक मुलाला स्वतःची रबरी चप्पल मिळावी. महिन्यातून एकदा मुलांचे पाय उलटे करून पाहायला कितीसा वेळ लागतो? घरी पाहणारे कोणी नसते, म्हणून म्हणतो.

सध्या माझ्या भाच्याच्या पायाला दोन चामखिळी आहेत. दर रविवारी तो आलेख कागदावर त्यांची बाह्यरेषा काढतो आणि आतले चौकोन मोजतो. परवा म्हणाला, "मामा, एकीला औषध लावतो, दुसरीला नाही. मग तुलना होईल ना?" युक्ती चांगली होती, पण शरीराने विषाणूला एकदा ओळखले की दोन्ही चामखिळी जाऊ शकतात, मग औषधाचा गुण वेगळा काढणार कसा? तुलनेला दुसरा मुलगाच हवा, आणि एक-दोन नव्हे, पुष्कळ हवेत, असे मी सांगितले. तेव्हापासून तो शाळेत मित्रांचे तळपाय तपासत फिरतो आहे, असे त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळले.