‘नाहीतरी चालूच असतो’

‘कॉम्प्युटर नाहीतरी चालूच असतो, मग त्याच्याकडून थोडं विज्ञानाचं काम करून घेतलं तर काय बिघडलं?’ १७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सेटी ॲट होम सुरू केलं, तेव्हा त्यामागचा विचार थोडक्यात एवढाच होता. पोर्तो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे छोटे तुकडे इंटरनेटवरून घरोघर पाठवायचे, घरच्या यंत्राने रिकाम्या वेळात त्यात परग्रहावरच्या हाकेसारखं काही सापडतं का ते पाहायचं आणि निकाल परत धाडायचा. पन्नास लाखांहून अधिक लोक यात आले. त्या काळच्या प्रोसेसरचा रिकामा असतानाचा आणि राबतानाचा वीजखर्च यांत आजच्याइतकी दरी नव्हती. शिवाय काम चालू आहे हे दाखवायला स्क्रीनसेव्हरवर रंगीत आलेख नाचत असत आणि तेवढ्यासाठी पिक्चर ट्यूबचा मॉनिटर रात्रभर जळत असे, तो खर्च वेगळाच.

आज ‘नाहीतरी चालूच असतो’ हे वाक्य खरं राहिलेलं नाही. आताचा प्रोसेसर काम नसलं की गाढ झोपतो, ग्राफिक कार्डही झोपतं. साधारण बऱ्या दर्जाचा पीसी नुसता चालू असेल तर पन्नासेक वॅट खातो. त्याच पीसीवर फोल्डिंग ॲट होम किंवा आइन्स्टाइन ॲट होम या अशाच प्रकल्पांचं काम ग्राफिक कार्डासकट लावलं, की आकडा तीनशेच्या पुढे जातो. मधले अडीचशे वॅट कुठे पडून नव्हते, ते तुम्ही नव्याने विकत घेतले. म्हणजे स्वयंसेवक आपली ‘वाया जाणारी ताकद’ देतो हा समज आता सोडून द्यावा. तो वीज देतो, रोख पैसे मोजून.

हे दान बंद करा असं मी म्हणत नाही. पण दान विजेचं असेल तर एका युनिटमागे किती बिनचूक गणित परत गेलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर यंत्र कसं जोडलं आणि कसं लावलं यावर ठरतं.

महावितरणच्या बिलापासूनच सुरुवात करू. तीनशे वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला ७.२ युनिट, महिन्याला २१६. घरचा नेहमीचा वापर १२० युनिट धरला तर बेरीज ३३६ होते आणि तुम्ही तीनशेचा टप्पा ओलांडून वरच्या दरात जाता. तेच यंत्र १८० वॅटवर आणलं तर महिन्याला सुमारे १३० युनिट लागतात, बेरीज अडीचशेच्या आसपास राहते आणि टप्पा तोच राहतो. वर गंमत अशी की, नीट लावलेल्या यंत्राचा वेग या कपातीच्या प्रमाणात कमी होत नाही, बराच कमी घटतो.

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकं साधं आहे. चिप काम करताना जी शक्ती खर्च करते ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर त्या खर्चात एकोणीस टक्के बचत होते. कंपन्या आपल्या चिपला दुकानातल्या स्पर्धेसाठी शेवटच्या टोकापर्यंत ताणून विकतात. शेवटच्या पाच टक्के वेगासाठी ढीगभर वॅट जाळलेले असतात. म्हणून ग्राफिक कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणणं हे मला या छंदातलं सगळ्यात फायद्याचं पाच मिनिटांचं काम वाटतं. विंडोजवर आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधली एक पट्टी खाली ओढायची, लिनक्सवर एका ओळीचा आदेश द्यायचा. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये अशीच मर्यादा असते.

पण छंदी माणसाला खाली ओढायची पट्टी आवडत नाही. त्याला वरची हवी असते. या प्रकल्पांमध्ये गुण मिळतात, संघ असतात, क्रमवारी असते, आणि मग ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरवून दिल्यापेक्षा वेगाने पळवण्याची, चढाओढ लागते. फोल्डिंगमध्ये तर काम लवकर परत केल्यास जादा गुण मिळतात. त्यामागे कारण आहे: प्रथिनाच्या हालचालीचा एक तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा सुरू करता येत नाही, एकाने दिरंगाई केली की ती साखळी तिथेच अडते. सोय विज्ञानाची होती, पण शर्यतीला ती आयतीच मिळाली. हौसेला मोल नाही म्हणतात, ते ठीक. विजेला आहे, आणि चुकीच्या उत्तराला तर फारच आहे.

या चुकीच्या उत्तराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ताणलेलं यंत्र नेहमी बंद पडतं असं नाही. पुष्कळदा ते छान चालतं आणि खोटं बोलतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला जिंप्स हा प्रकल्प मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या शोधतो. पद्धत अशी की एका अवाढव्य संख्येचा वर्ग करायचा, भागून बाकी ठेवायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग, असं कोट्यवधी वेळा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. मधे कुठे एक बिट उलटला की पुढचं सगळं वाया जातं आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे प्रत्येक निकाल दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर पहिल्यापासून पुन्हा काढून ताडून पाहावा लागे. २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बिच यांनी मार्ग काढला. चालू गणिताची मधूनमधून अगदी स्वस्तात तपासणी करायची आणि चूक दिसली तर शेवटच्या बरोबर टप्प्यावर मागे यायचं. त्यामुळे चुकीचं उत्तर निसटण्याची शक्यता फारच कमी झाली. बाकीचे बरेच प्रकल्प बॉइंक नावाच्या सामायिक व्यवस्थेवर चालतात. तिथे एकच काम दोन अनोळखी घरांत पाठवून उत्तरं जुळतात का पाहण्याची सोय आहे. म्हणजे तुमच्या यंत्राने चुकीचं उत्तर दिलं तर तुमची वीज गेलीच, वर तिसऱ्या कुणाची वीज खर्चून निकाल लावावा लागला.

याच जिंप्सचा प्राइम९५ हा प्रोग्रॅम आज जगभर नवं यंत्र तपासायला वापरतात. त्यातल्या चाचणीचं नावच टॉर्चर टेस्ट आहे. २०१६ च्या जानेवारीत इंटेलला आपल्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये दोष असल्याचं मान्य करावं लागलं. प्राइम९५ चालवणाऱ्यांची यंत्रं ठरावीक गणितावर गोठत होती, त्यातून तो उघडकीस आला. दुरुस्ती बायोसमधून आली. म्हणून व्होल्टेज उतरवल्यावर ही चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक निघाली तर व्होल्टेज एक पायरी वर घ्यावं आणि पुन्हा चाचणी लावावी. ‘तासभर चालला की राव’ हा पुरावा नव्हे. रॅमसाठी मेमटेस्ट वेगळी चालवावी, आणि रॅमला जाहिरातीतला वाढीव वेग द्यायचा मोह इथे तरी आवरावा.

खरेदीचंही तसंच आहे. लॅमिंग्टन रोडवर उभं राहिलं की दुकानदार आधी ग्राफिक कार्ड दाखवतो आणि वीज पुरवणारा एसएमपीएस शेवटी, उरलेल्या पैशांत. चोवीस तासांच्या कामाला हा क्रम उलटा हवा. चांगल्या कार्यक्षमतेचा, गरजेपेक्षा जरा मोठा एसएमपीएस, भिंतीत खरंखुरं अर्थिंग, पुढून जाळीचं कॅबिनेट आणि मोठे, सावकाश फिरणारे पंखे. एवढं झाल्यावर कार्डाचा विचार करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाचं मायनिंग बंद झालं आणि तिथली वापरलेली कार्डं जुन्या बाजारात आली. लोक त्यांना नाकं मुरडतात. माझं मत जरा वेगळं आहे: त्यांची चिप सहसा बरी असते, मायनिंगवाल्यांनाही विजेचा हिशेब कळत होताच. थकलेले असतात ते पंखे आणि थर्मल पॅड. ते बदलायची तयारी असेल तरच घ्यावं. आणि माळ्यावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा पीसी ‘विज्ञानाला’ लावू नये. तो दिवसभर राबून जेवढं गणित करतो तेवढं आजचा साधा प्रोसेसर थोड्या वेळात, थोड्या विजेत उरकतो.

हवामानाबद्दल परदेशी सल्ले बिनदिक्कत वाचू नयेत. जर्मनीतला माणूस जानेवारीत यंत्र लावतो तेव्हा त्याची खोलीही गरम होते, म्हणजे त्याची अर्धी वीज वसूल झाली. नागपुरात मे महिन्यात खोलीत आलेली तीनशे वॅटची उष्णता एसीने बाहेर टाकायची म्हणजे तिच्यासाठी पुन्हा वीज मोजायची. आपल्याकडे हा छंद हिवाळ्याचा आणि रात्रीचा. बॉइंकमध्ये वेळापत्रक लावता येतं. मात्र त्यातली ‘सीपीयूचा इतका टक्के वेळ वापरा’ ही सोय टाळावी. ती यंत्राला धावायला लावते, थांबवते, परत धावायला लावते आणि तापमान सारखं वरखाली होत राहतं. त्यापेक्षा कोअरची संख्या कमी करावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल तर उत्तर प्रकल्पागणिक वेगळं आहे. २०२० च्या साथीत फोल्डिंग ॲट होमवर दहा लाखांहून अधिक लोक जमा झाले आणि त्यांच्या यंत्रांची एकत्रित ताकद एक एक्साफ्लॉपच्या पलीकडे गेली. तेव्हाच्या कोणत्याही महासंगणकाला तो पल्ला गाठता आलेला नव्हता. आइन्स्टाइन ॲट होमने २०१० मध्ये आरेसिबोच्या नोंदींतून आपला पहिला रेडिओ पल्सार शोधला, तो अमेरिकेतल्या आयोवातल्या आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर. आरेसिबोची दुर्बीण त्याच २०२० सालच्या डिसेंबरमध्ये कोसळली, सेटी ॲट होमने घरोघर काम वाटणं मार्चमध्येच थांबवलं होतं. जिंप्सची सगळ्यात मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली, ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची; पण ती भाड्याच्या डेटा सेंटरांमधल्या ग्राफिक चिपवर. घरच्या पीसीची तिथली अठ्ठावीस वर्षांची सद्दी संपली. एवढ्या अवाढव्य मूळ संख्यांचा कुणाला उपयोग नाही हे कबूल, पण यंत्र बिनचूक आहे का हे शिकवायला त्यांच्यासारखा मास्तर नाही.

मला विचाराल तर मराठी घरातल्या पीसीने आइन्स्टाइनकडे वळावं. फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर किंचित उंचवटा असेल तर त्यातून अखंड, अतिशय क्षीण गुरुत्वीय लहर निघायला हवी. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या नोंदींत ती शोधायची तर पृथ्वीचं फिरणं हिशेबात धरून ताऱ्याची आकाशातली जागा, फिरण्याचा वेग आणि मंदावणं यांच्या असंख्य जोड्या लावून पाहाव्या लागतात. अजून अशी एकही लहर सापडलेली नाही, आणि शोध किती खोल न्यायचा हे गणिताच्या ताकदीवर अडलेलं आहे. लायगोचा भारतीय शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभा राहायचा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था त्यात भागीदार आहे. त्याची आकडेवारी यायला वेळ आहे, तोवर हात बसवून घ्यायला हरकत नाही.

आणि शेवटचं एक: सुट्टीत गावी जाणार असाल तर निघताना सरळ बटण बंद करू नका. दोन दिवस आधी प्रोग्रॅममध्ये ‘नवीन काम नको’ हा पर्याय निवडा आणि हातातलं काम संपवून परत जाऊ द्या. मुदत उलटलेलं काम दुसऱ्या घरी पाठवावं लागतं, आणि तोवर तुम्ही अर्ध्यापर्यंत जाळलेली वीज कुणाच्याच कामी येत नाही.