सासूबाईंची रुपयांची माळ



सासूबाईंच्या माघारी त्यांची चांदीच्या रुपयांची माळ आम्हा तिघी जावांसमोर आली. काळ्या गोफात ओवलेले, कडी डाकलेले 21 रुपये. सोनार बघताक्षणी म्हणाला, "यात निम्मीच चांदी. मोडून टाका." दोघी जावा लगेच तयार. मी बी.कॉम. झालेली, म्हटलं, आधी एकेक साल तर वाचू.

15 रुपये राणीछाप आणि तिच्या मुला-नातवाचे निघाले, 6 नाणी 1940 नंतरची. वजन सगळ्यांचं तोळाभर, 11.66 ग्रॅम. पण आधीच्या रुपयात चांदी शेकडा 91.7, नंतरच्यात 50. बेरीज केली तर शुद्ध चांदी सुमारे 195 ग्रॅम. सोनाराच्या हिशेबाने 122 च! डाक लागलेल्या नाण्याला संग्राहक सहसा जास्त देत नाहीत, म्हणून मी चांदीचाच भाव धरला.

"आईंची आठवण, तिची किंमत कसली काढायची?" असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. किंमत न काढता एकीला दिलेली वस्तू दुसरीच्या मनात सलत राहते. कमी माप देणं हा अचौर्याचा अतिचार. तो काय फक्त दुकानदारालाच लागतो? घरातल्या वाटणीलाही लागतो.

आकडा कागदावर आला तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, "माझ्या वाट्याला माळच द्या." तिला ती हवीच होती, फुकट मागायचा संकोच, म्हणून मोडीला हो म्हणाली होती. आम्ही दोघींनी आपापला वाटा रोख घेतला.

माळ अखंड राहिली. आम्हीही.