प्रवासविचार : पुरीच्या पलीकडे

पुरीस जाण्याचा संकल्प केला नाहीं असें घर आपल्या समाजांत विरळाच. वडील मंडळींची इच्छा, मुलांची सुट्टी आणि आगगाडीचीं तिकिटें यांचा मेळ एकदां जमला, म्हणजे सारें कुटुंब जगन्नाथाच्या दर्शनास निघतें. दर्शन होतें, समुद्रस्नान होतें, महाप्रसाद मिळतो आणि तिसऱ्या दिवशीं मंडळी परतीच्या वाटेस लागतात. यात्रा पार पडली हें खरें. पण त्या प्रांताची ओळख झाली काय, हा प्रश्न आम्हांस या वेळीं वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

पुरीच्या सिंहद्वारासमोर सुमारें ३३ फूट उंचीचा, एकाच पाषाणाचा अरुणस्तंभ उभा आहे. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरांतला. अठराव्या शतकांत, मराठ्यांच्या अमदानींत, तो येथें आणविला गेला. १७५१ पासून १८०३ पर्यंत या प्रांतावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. परंतु त्याआधीं दहा वर्षें ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांची दहशत शेजारच्या बंगाल्यांत ‘बर्गी’ या शब्दानें अंगाईगीतांत उरली आहे. देवापुढील स्तंभ आपला म्हणावयाचा आणि ती दहशत परक्याची म्हणावयाची, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मुलांस दोन्ही गोष्टी सांगाव्या.

कोणार्क पुरीपासून अवघें ३५ किलोमीटर. तेराव्या शतकांत नरसिंहदेवानें बांधविलेलें तें मंदिर बहुतेक मंडळी पाहतात. राहून जातें तें चिल्का सरोवर. पुरीहून सुमारें ५० किलोमीटरांवरील सातपाड्यास तें नावेंतून पाहतां येतें. पावसाळ्यांत त्याचा विस्तार ११०० चौरस किलोमीटरांवर जातो. एकीकडून महानदीच्या शाखांचें गोडें पाणी आणि दुसरीकडून समुद्राचें खारें पाणी, या दोहोंच्या मेळावर तेथील मासे, पक्षी आणि कोळ्यांचे संसार अवलंबून आहेत.

हा मेळ एकदां बिघडला होता. गाळानें समुद्राकडील मुख बुजत गेलें, खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. १९९३ मध्यें रामसर कराराखालील संकटग्रस्त पाणथळांच्या यादींत चिल्क्याचें नांव गेलें. सप्टेंबर २००० मध्यें वाळूचा बांध फोडून नवें मुख उघडण्यांत आलें. मासळी पुन्हां वाढली आणि २००२ मध्यें तें नांव त्या यादींतून निघालें. बिघडलेलें सुधारतां येतें, याचें इतकें ढळढळीत उदाहरण मुलांस पुस्तकांत क्वचितच सांपडेल.

म्हणून आमची सूचना अशी कीं, पुरीच्या बेतांत दोन दिवस अधिक धरावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हां दूरदेशींचे पक्षी सरोवरावर उतरलेले असतात. इरावती डॉल्फिन दिसावे म्हणून नावाड्यास त्यांच्या मागें यंत्र पिटाळावयास सांगूं नये. दुरून दिसतील तेवढे पाहावे. फराळाचे कागद आणि पिशव्या परत आणाव्या. वृद्ध मंडळींस नावेंत फार वेळ बसवूं नये. आणि नावाड्यापाशीं सरोवराची विचारपूस अवश्य करावी. ज्याचें पोट त्या पाण्यावर आहे, त्याच्याइतकें तें कोणास ठाऊक असणार? देवदर्शनाचें पुण्य यानें उणें होत नाहीं. उलट ज्या भूमींत देव उभा आहे, तिचेंही दर्शन घडतें.