धुराड्याची कैफियत

न्हाणीघरातला तांब्याचा बंब, स्वयंपाकघरातली चूल आणि थंडीतली कोळशाची शेगडी ही तिन्ही ठेवावी की टाकावी, असा वाद गावाकडची जुनी घरे दुरुस्त करणाऱ्या आणि शेतावर नवी घरे बांधणाऱ्या मंडळींत अलीकडे वारंवार ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो की चुलीवरच्या भाकरीची आणि बंबाच्या पाण्याची सर कशालाही यावयाची नाही, सबब ती पुन्हा घरात आणावी. दुसरा म्हणतो की लाकडाचा विस्तव हा दारिद्र्याचा अवशेष आहे, सबब तो घरातून कायमचा हद्दपार करावा. दोन्ही पक्षांचे म्हणणे मी पुष्कळ वेळा शांतपणे ऐकून घेतले आहे, आणि दर वेळी माझ्या मनाला एकच गोष्ट टोचली आहे, ती ही की तासतासभर चालणाऱ्या या वादात धुराड्याचे नाव कोणीही काढीत नाही. बाहेरची हवा विस्तवापर्यंत येण्याची वाट आणि जळून उरलेले वायू छपरावर जाण्याची वाट, या दोन वाटांसकट जे बसवले जाते तेच चूल किंवा बंब या नावास पात्र होय, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्याला त्या वाटांची तजवीज करणे शक्य नाही, त्याने विस्तव घरात घेऊ नये.

प्रथम परंपरेच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद पाहू. ‘आमची पणजी जन्मभर धुरात स्वयंपाक करून ऐंशी वर्षे जगली’ हा त्यांचा आवडता दाखला असतो. जी पणजी जगली तिचा दाखला द्यावयास घराणे शिल्लक राहते. जी चाळिशीच्या आत खोकल्याने गेली तिची गणना कोणी ठेवलेली नसते. आणि जी जगली तिच्याही डोळ्यांना सतत येणारे पाणी, तिची फुंकणी फुंकताना लागणारी धाप, तिला अकाली आलेला मोतीबिंदू, या गोष्टी वयाच्या खात्यावर मांडून आपण मोकळे झालो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या दूषित हवेने जगभर सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली, आणि ती हवा मुख्यतः चुलीतल्या लाकडाने, शेणीने, कोळशाने व रॉकेलने दूषित केलेली होती. इतक्या मोठ्या आकड्यासमोर एका दीर्घायुषी पणजीची साक्ष टिकत नाही.

परंतु या युक्तिवादात याहूनही मोठा एक दोष आहे. पणजीची चूल ज्या घरात होती ते घर आज कोठे आहे? नळीच्या किंवा मंगलोरी कौलांच्या त्या उंच पाखाडीला हजार फटी असत. स्वयंपाकघराला बहुधा माळा नसे, आणि असला तरी तो चुलीच्या डोक्यावर येऊ देत नसत. भिंत आढ्यापर्यंत न नेता वर हातभर मोकळी सोडण्याचा दस्तूर पुष्कळ घरांत असे. परसदार दिवसभर उघडे राही. सकाळी गावाकडे टेकडीवरून पाहिले की प्रत्येक छप्पर सगळ्या अंगाने धुमसत असल्यासारखे दिसे, म्हणजे त्या घराचे अवघे छप्परच थोडेबहुत धुराड्याचे काम करीत असे. ते काम पुरेसे होत नव्हतेच, याची साक्ष काळ्याभोर वाशांनी आणि लाल डोळ्यांनी दिलेली आहे; तरी काही प्रमाणात ते होत होते. आज तीच चूल, तोच बंब आपण सिमेंटच्या स्लॅबखाली, चार बाजूंनी गिलावा केलेल्या आणि सरकत्या काचांच्या घट्ट खिडक्या लावलेल्या खोलीत नेऊन ठेवतो आणि म्हणतो की आम्ही परंपरा पाळली. परंपरेतला विस्तव तेवढा उचलला आणि परंपरेतल्या फटी मागे टाकल्या, याला परंपरा पाळणे कसे म्हणावे?

धुराने वासे टिकतात, बांबूला कीड लागत नाही, हे म्हणणे मात्र मला मान्य आहे. काजळी बसलेल्या लाकडाला भुंगा सहसा शिवत नाही, हे आपल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. पण वाशाला श्वास घ्यावयाचा नसतो. वासे टिकविण्यासाठी वर्षातून दोनदा रिकाम्या घरात धुरी करावी. त्यासाठी माणसांनी तिन्ही त्रिकाळ धुरात बसण्याचे प्रयोजन नाही.

आता ज्या समजुतीने सर्वांत अधिक जीव घेतले तिच्याकडे वळतो. ‘डोळ्यांना झोंबणारा धूर नाही, तेव्हा धोका नाही’ ही ती समजूत. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची चाल आहे, आणि वारा लागू नये म्हणून त्या खोलीची दारेखिडक्या लावून घेण्याचीही चाल आहे. या दोन चाली स्वतंत्रपणे कितीही मायेच्या असोत, त्या एकत्र आल्या की त्यांच्याइतके भयंकर दुसरे काही नाही. लालबुंद फुललेले निखारे दिसावयास अत्यंत निर्मळ दिसतात. त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी याची ओढ असते. म्हणून हवेत तो अत्यल्प असला तरी रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके जड होते, मळमळते, हातपाय गळून जातात, झोप येते. आणि ज्या खोलीतून उठून बाहेर जावयाचे त्याच खोलीत माणूस पडून राहतो. काश्मिरात आणि हिमाचलात हिवाळ्यात बंद खोलीतल्या कोळशाच्या विस्तवाने झोपेतच माणसे गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आपण त्या दूरदेशीच्या थंडीच्या म्हणून वाचतो. पण आपल्या शहरांतल्या कोंदट न्हाणीघरात गॅसच्या गिझरने ज्यांचा अंत झाला, त्यांचा घात करणारा वायू तोच होता. गॅसचा गिझर हा बंबाचाच वंशज. इंधन बदलले, भांडे बदलले, परंतु हवा येण्याची आणि वायू जाण्याची वाट नसेल तर परिणाम बदलत नाही. म्हणून या बाबतीत मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही: निजावयाच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही आग्रहाखातर ठेवू नये. बाळंतिणीला शेक द्यावयाचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. शेगडी पडवीत ठेवून तिच्यावर कपडे गरम करून आणावेत.

दुसऱ्या पक्षाची, म्हणजे हद्दपारीवाल्यांची, कळकळ मला समजते, कारण त्यांचा रोख खऱ्या दुःखावर आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि कोट्यवधी घरांत प्रथमच गॅसचे सिलिंडर पोचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या घरात सिलिंडर आले त्या घरातून चूल गेली असे मानणे ही वस्तुस्थितीकडे केलेली डोळेझाक आहे. चहा आणि भाजी गॅसवर, परंतु अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि दोन डझन भाकऱ्या लाकडावर, हा आमच्या खेड्यांतला आजचा व्यवहार आहे. कारण बांधावरचे सरपण, कपाशीच्या पऱ्हाट्या, नारळाची सोडणे आणि करवंट्या यांना दाम मोजावे लागत नाहीत. कोकणात चार महिने सूर्यदर्शनाची मारामार, तेथे छपरावरच्या सौरबंबाचा उपयोग किती? जी गोष्ट घराघरांत चालूच राहणार तिला नुसते निषिद्ध ठरविले की ती थांबत नाही. ती कशी करावी हे शिकविण्याची जबाबदारी तेवढी सर्वजण झटकून मोकळे होतात. इंग्लंडचे उदाहरण येथे बोलके आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे धुके साचले त्याने हजारो माणसांचा बळी घेतला, आणि घराघरांतल्या शेकोट्यांत जळणारा कोळसा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला. पण त्या कायद्याने शेकोटी बंद केली नाही, कोणत्या क्षेत्रात कोणते इंधन आणि कोणते साधन चालेल हे मुकर्रर केले. पुढे २०१० पासून तेथे लाकडाचे किंवा कोळशाचे साधन नव्याने बसविताना कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटाही सक्तीची झाली.

आपल्याकडे हा विचार नव्हता असेही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून मगन चूल घडली. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास धूरविरहित स्वयंपाकघराचा हिरिरीने पुरस्कार केला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. मग त्या चुली गेल्या कोठे? पुष्कळ ठिकाणी चूल बसली आणि धुराडे साफ करावयाचे कोणी, कसे, केव्हा, हे सांगावयाचे राहून गेले. नळी काजळीने तुंबली, धूर उलटा घरात आला, आणि ‘ही सरकारी चूल धूर ओकते’ असे म्हणून गृहिणीने ती फोडून पुन्हा तीन दगड मांडले. तिला मी दोष देत नाही. ज्याने नळी दिली आणि कुंचा दिला नाही, दोष त्याचा आहे.

तर मग विस्तव बसवावा कसा? ऊन वायू हलका असतो. सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापलेल्या वायूची घनता साध्या हवेच्या जवळजवळ निम्मी भरते, आणि या हलकेपणामुळेच धुराड्याला ओढ येते. ही ओढ टिकविणे हे धुराड्याचे सारे शास्त्र. नळी जितकी सरळ आणि उंच तितकी ओढ चांगली. काटकोनातली वळणे घातली की तेथे काजळी साचते. नळी भिंतीबाहेरून थंड वाऱ्यात नेली तर आतला वायू निवतो आणि ओढ मंदावते, म्हणून शक्यतो ती घराच्या आतून उभी वर न्यावी. तिचे तोंड आढ्याच्या वर निदान दोन फूट निघावे, कारण कौलांच्या खालीच ते सोडून दिले तर वारा फिरताच धूर खाली दाबला जातो, शिवाय ठिणगी वाशात अडकते. नळी एकेरी पत्र्याची असेल तर लाकडी वाशापासून तिच्या व्यासाच्या तिप्पट अंतर सोडावे. चार इंची नळीला फूटभर, हा हिशेब गवंड्यास आधीच सांगून ठेवावा, कारण छपराला भोक पाडून झाल्यावर तो कोणी ऐकत नाही. नळीच्या तळाशी उघडता येणारे झाकण ठेवावे, आणि पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी अशी वर्षातून दोनदा ती काथ्याच्या कुंच्याने झाडावी. आणि हवा आत येण्यासाठी भिंतीत खाली एक भोक असावे, जे कोणालाही, कितीही थंडी असली तरी, बुजविता येणार नाही.

जळणाविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण चांगले धुराडेही ओल्या लाकडापुढे हतबल होते. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असते. पाण्याला साध्या तपमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. म्हणजे ओले लाकूड घालणारा माणूस बंबातले पाणी तापविण्याऐवजी लाकडातले पाणी उकळीत बसतो. विस्तव मंद जळतो, न जळलेले वायू नळीत निवून डांबरासारखा लेप धरतात, आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की तो लेपच पेट घेतो. ढलप्या फोडून, पडवीत वारा लागेल अशा रचून, पावसाच्या पाण्यापासून जपून निदान एक उन्हाळा वाळू द्याव्यात. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेली जुनी चौकट, प्लास्टिकच्या पिशव्या हे जळण नव्हे. त्यांचा धूर विषारी असतो. पेटवताना रॉकेल ओतू नये. बंबात पाणी भरल्याशिवाय विस्तव टाकू नये, नाहीतर डाख सुटतो. आणि पाणी ओतावयाचे त्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, कारण वाफेला वाट हवी.

राखेची गोष्ट आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत होती. रात्री निखारा राखेत पुरून ठेवावयाचा, पहाटे राख उकरून त्यावर फुंकर घालावयाची, आणि ज्या घरी विझला त्याने शेजारणीकडून विस्तव मागून आणावयाचा, हा घराघरांतला रिवाज. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो याचा याहून बळकट पुरावा कोणता हवा? तरीही सकाळी बंबाखालची राख प्लास्टिकच्या घमेल्यात भरून कडब्याच्या गंजीजवळच्या उकिरड्यावर टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी आणि तो डबा घराबाहेर दगडावर दोन दिवस तसाच ठेवावा.

इतका खर्च कोण करील, अशी शेवटची हरकत येते. तिला उत्तर म्हणून माझ्याजवळ एक आठवण आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या घरी न्हाणीघर नव्याने बांधले, फरशी घातली, दार घट्ट बसविले आणि पौषातला गारठा आत येतो म्हणून झरोक्याला लाकडी फळी ठोकली. पहिल्याच आठवड्यात आत्या न्हाऊन बाहेर येईना. दार मोडून तिला अंगणात आणले तेव्हा ती बोलू शकत नव्हती. तासाभराने ती शुद्धीवर आली आणि डोके धरून दोन दिवस पडून राहिली. बंब धुमसत नव्हता, खोलीत धूर नव्हता, आणि घरातल्या कोणालाही काय झाले ते कळले नाही. भूतबाधेपर्यंत चर्चा गेली. आजोबांनी मात्र काही न बोलता फळी काढली, गवंड्याला बोलावले, भिंतीतली खालची एक आणि वरची एक अशा दोन विटा काढून घेतल्या, आणि बंबाच्या नळीवर पत्र्याची नळी चढवून ती कौलांच्या वर नेली. दिवसाभराचे काम होते ते. त्या दोन भोकांतून थंडीत बोचरा वारा येई, आम्ही मुले कुरकुर करीत असू, आणि आत्या, जी तोपर्यंत सर्वांत आधी दार लावून घेणारी होती, ती न्हावयास जाण्यापूर्वी वाकून खालच्या भोकासमोर कोणी बादली तर ठेवली नाही ना, हे हाताने चाचपून पाही.