पाणीपुरी तोंडात मावेना, तेव्हा...

परवा एफसी रोडवर पाणीपुरीच्या गाडीपाशी भारी सीन झाला. माझा कॉलेजचा मित्र, मूळचा हिंगणघाटचा, आता हिंजवडीत आयटीवाला. पठ्ठ्याने पुरी उचलली आणि... ती तोंडात जाईचना! शेवटी फोडून तुकड्या-तुकड्याने खाल्ली. आम्ही हसलो. तोही हसला, पण अर्धंच.

कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. खर्रा! वर्ध्याहून कुणीही पुण्याला निघालं की त्याच्या बॅगेत साहेबांच्या पन्न्या येतात. पुणेकरांसाठी खुलासा : बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर पन्नीत घोटला की झाला खर्रा. गंमत बघा, हा गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा. इथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी. पण बाटली नाही तरी पन्नी खिशाखिशात!

"सोड ना यार," मी म्हटलं. तर म्हणतो, "सोडतो नं बे, पण मंग डोकंच चालत नाही!"

मला वाटलं, बहाणा. पण बॉस, तो खरंच बोलत होता.

आपल्या मेंदूत अॅसिटाइलकोलिन नावाचं रसायन निरोप्याचं काम करतं. लक्ष, आठवण यांत त्याचा मोठा वाटा. पेशींवर त्याच्यासाठी खास कुलपं असतात, म्हणजे रिसेप्टर. तंबाखूतलं निकोटिन ही त्याच कुलपाची डुप्लिकेट किल्ली. इतकी फिट, की एका प्रकारच्या कुलपांना 'निकोटिनिक' हेच नाव पडलं! ती फिरली की डोपामिन सुटतं आणि मेंदू म्हणतो, 'वन मोअर'. रोज डोस मिळाला की मेंदू कुलपांची संख्याच वाढवतो. मग किल्ली नसलेली सकाळ म्हणजे चिडचिड, आणि 'डोकं चालत नाही'.

"मी तर नुसती सुपारी खातो," म्हणणाऱ्यांनीही इकडे लक्ष द्या. सुपारीत अॅरेकोलिन असतं. ते मुख्यतः अॅसिटाइलकोलिनच्याच दुसऱ्या, 'मस्कारिनिक' कुलपांवर चालतं. पण फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ साली दिसलं, की काही निकोटिनिक कुलपंही ते थोडी फिरवतं. आणि चुना? तो या दोन्ही द्रव्यांना गालाच्या आतून पटकन रक्तात शिरायला मदत करतो. म्हणजे पानठेल्यावर नकळत अख्खी केमिस्ट्री लॅब चालू आहे!

बिल मात्र तोंड भरतं. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. खाणं थांबवलं तरी ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. घरच्या घरी टेस्ट करा : तीन बोटं एकावर एक, उभी धरून तोंडात जातात का? नाही गेली, तर सरळ डेंटिस्ट गाठा.

गंमत म्हणजे सुटकेची वाटही एका झाडानेच दाखवली. लॅबर्नमच्या बियांतलं सायटिसिन हे त्याच कुलपात अर्धवट फिरणारी किल्ली. तलफ भागते, पण फुल किक नाही. बल्गेरियात ते १९६० च्या दशकापासून सिगारेट सोडायला वापरतात. त्यावरूनच बेतलेल्या व्हॅरेनिक्लिनला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्थात गोळी असो की निकोटिन गम, डॉक्टरांना विचारूनच. आणि १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची क्विटलाइन फुकट आहे.

म्हणून मंडळी, तुमच्या ग्रुपमधल्या खर्रावाल्याला 'विलपॉवर नाही' म्हणून टोमणे मारू नका. भांडण स्वभावाशी नाही, कुलपांशी आहे. आणि कुलूप असेल तिथे मदतीला माणूस लागतोच.

शनिवारी मित्राला घेऊन डेंटिस्टकडे चाललोय. तीन बोटांपैकी दोनच जातात त्याची. पाणीपुरी पार्टी मी देणार असं कबूल केलंय... आख्ख्या पुरीची!