गाडीचे दिवे: बॅटरीपासून बल्बपर्यंत

मैत्रिणींनो, घरचा फ्यूज उडाला तर आपण शेजारच्या भावोजींना हाक मारीत नाही. मग गाडीचे दिवे गेले की हातपाय का गाळायचे?

माझी भाची गेल्या पावसाळ्यात आंबोलीचा घाट उतरत होती. मागे सासूबाई आणि चार वर्षांची लेक, बाहेर दाट धुकं. अन् एकदम पुढचे दोन्ही दिवे गेले! कशीबशी एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. तिनं काय केलं ते सांगतेच, पण आधी वीज कशी धावते ते पाहू.

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. घरात बल्बला दोन तारा लागतात, गाडीत मात्र बहुधा एकच लांब तार येते. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून, तिलाच अर्थ म्हणतात. तो जोड गंजला की एका बाजूचा दिवा मिणमिणतो आणि आपण उगीच नवा बल्ब आणतो!

नेहमीचा हॅलोजन बल्ब 55 वॅटचा. दोन मिळून 110, त्याला 12 ने भागा, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर प्रवाह. एवढा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणातून नेला तर बटण जळेल. म्हणून मध्ये रिले असतो. विहिरीच्या पंपाचा स्टार्टर पाहिलाय ना? आपण बटण दाबतो, आतलं चुंबक पट्टी ओढतं आणि मोटर सुरू होते. रिले म्हणजे त्याचंच धाकटं भावंडं. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, तिथून बल्ब.

फॉग लाइटला बहुतेक गाड्यांत बटण, फ्यूज, रिले सगळं वेगळं, चूल वेगळी मांडलेल्या जावेसारखं! मात्र आधी पार्किंगचे दिवे लावल्याशिवाय ते सहसा पेटत नाहीत.

भाचीनं नेमकं हेच केलं. पार्किंगचे दिवे लावले, फॉग लाइट लावले, ते पेटले. हे दिवे खाली बसवलेले असतात आणि उजेड रस्त्यालगत पसरतो. धुक्यात वरचा झोत लावला तर पाण्याच्या कणांवरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंतच उभी राहते.

टपरीवरच्या एका गृहस्थांनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजच्या जागी घालून द्यायची तयारी दाखवली. "नको हो काका," म्हणाली ती. फॉग लाइटच्या उजेडात अगदी सावकाश सावंतवाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं उघडून पाहिलं. जास्त उजेडाच्या हौसेनं जावईबापूंनी 100 वॅटचे बल्ब बसवून घेतले होते. त्या उष्णतेनं होल्डर वितळून तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. चंदेरी कागद घातला असता तर फ्यूजऐवजी तारच पेटली असती.

तेव्हा फ्यूज बदलताना त्यावरचा आकडा पाहा. 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. जितक्याचा गेला तितक्याचाच घाला. पुन्हा उडाला तर थोरला घालू नका, गाडी दाखवा. एकच दिवा गेला तर आधी बल्ब पाहा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, तेलकट डागानं ती तडकते. स्वच्छ फडक्यानं धरा. एलईडीचे दिवे असतील तर बल्ब बहुधा सुटा निघत नाही, तिथे खटपट नको.

आणि हो, चार सुटे फ्यूज एका रिकाम्या कुंकवाच्या डबीत घालून गाडीत ठेवा.